वेळापत्रकातली चार मिनिटं

“फुंका,” डेपोचे साहेब म्हणाले.

त्याने नळीत फुंकलं. यंत्रावर शून्य आलं. साहेबांनी यंत्र उलटसुलट करून पाहिलं, रुमालाने नळी पुसली आणि पुन्हा त्याच्यापुढे धरली.

“परत एकदा. जोरात.”

पुन्हा शून्य. साहेबांचा चेहरा जरासा पडलाच. प्यायलेल्या ड्रायव्हरचं काय करायचं हे नियमांच्या पुस्तकात स्वच्छ लिहिलेलं होतं. पण जो ड्रायव्हर अजिबात न पिता, भर दुपारी, चाळीस उतारूंनी भरलेली बस रस्त्याच्या कडेला लावतो आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून बसतो, त्याच्यासाठी त्यात कलम नव्हतं.

“मग झालं काय नक्की?”

“डोळ्यांपुढे अंधारी आली, साहेब.”

“कशामुळे?”

“जेवलो नव्हतो.”

“का नव्हता जेवलात?”

खरं कारण सांगण्यापेक्षा यंत्रावर काहीतरी आकडा आला असता तर बरं झालं असतं, असंही क्षणभर त्याच्या मनात येऊन गेलं.

डेपोत त्याला सगळे सातनंबर म्हणत. सात नंबरच्या मार्गावर, बाजारापासून पाण्याच्या टाकीपर्यंत, तो बावीस वर्षं बस चालवत होता. एका बाजूची फेरी सत्तर मिनिटांची. बावीस वर्षांत त्याने कुणाला धक्का दिला नव्हता की कुणाचा आरसा मोडला नव्हता. तो गिअर बदलतो तेव्हा उभ्या माणसाच्या हातातला चहा हलत नाही, असं त्याच्या बसवरच्या कंडक्टरबाई सांगत, आणि कंडक्टरबाई काही उठसूट कौतुक करणाऱ्यांतल्या नव्हत्या. अशा माणसाला साहेबांनी त्या दिवशी सांगितलं, की डॉक्टरचं पत्र आणल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावायचा नाही. तोवर गेटवर बसायचं आणि जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत लिहायचे. सहा महिन्यांत पत्र आलं नाही, तर गेटवरच कायम.

दुखणं दोन वर्षांचं होतं. मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा, असं डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. रोगाचं नाव हातभर लांब होतं, ते त्याच्या लक्षात राहिलं नाही. लक्षात राहिलं ते एवढंच, की हे जाणार नाही, सांभाळावं लागणार. एरवी सगळं ठीक असायचं, पण एकदा पोटात कळ उठली की हातात तीन मिनिटं उरायची. सत्तर मिनिटांच्या फेरीशी या तीन मिनिटांचा मेळ कसा घालायचा, हे मात्र चित्रात नव्हतं.

सुरुवातीला त्याने आपली अक्कल चालवली. एकदा बस पेट्रोल पंपावर घातली, “चाकात हवा बघतो” म्हणून खाली उतरला आणि पंपाच्या मागच्या बाजूला धूम ठोकली. एकदा तो समोर दिसलेल्या दाताच्या दवाखान्यात शिरला आणि बाहेर पडताना लाजेखातर दात दाखवून आला. दात धडधाकट होता. डॉक्टरांनी तसं सांगितल्यावर त्याने इतक्या मनापासून आभार मानले, की तेही गोंधळले.

हे रोज जमण्यासारखं नव्हतं. तेव्हा त्याने विचार केला, आणि विचारही अगदी ड्रायव्हरसारखाच केला. गाडीत कुणी चढलंच नाही, तर उतरणार कोण? त्याने खाणं सोडलं. आदल्या रात्रीपासून ड्युटी संपेपर्यंत पोटात काही जाऊ द्यायचं नाही, असा नेम करून टाकला. बायकोने दिलेला डबा डेपोतलं कुत्रं खाई. त्या दोन-तीन महिन्यांत कुत्रं चांगलं गरगरीत झालं आणि तो मात्र पट्ट्याला नवी भोकं पाडत राहिला. गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या होत्या. जेवणच नाही म्हटल्यावर गोळ्याही बंद झाल्या.

गेटवर लाकडी खुर्ची होती, वर पत्रा होता आणि समोर वही होती. काम हलकं होतं. पण रोज सकाळी त्याचीच बस दुसऱ्याच्या हातात गेटमधून बाहेर पडायची. बदली ड्रायव्हर दुसऱ्या गिअरला करकर आवाज करायचा, आणि तो आवाज सातनंबरच्या थेट छातीत उतरायचा. कंडक्टरबाई मागच्या दारातून हात करायच्या. तो वहीत नंबर लिहायचा आणि वर बघायचा नाही.

बायकोला अंधारी आल्याचं कळलं, मग कुत्र्याचं कळलं, मग गोळ्यांचं कळलं. ती काही ओरडली नाही. ती ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, “अहो, मी पहाटे उठून डबा करत होते,” आणि दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन इस्पितळात गेली.

डॉक्टरांनी मात्र बायकोच्या वाटचंही ओरडून घेतलं. “गोळ्या बंद केल्या म्हणून जखमा वाढल्या. खाल्लं नाही म्हणून चक्कर आली. तुम्ही रोगाशी भांडत नाही आहात, त्याला मदत करताय.” नवीन गोळ्या लिहून दिल्या, दोन महिन्यांनी या म्हणाले, आणि पत्राचं तेव्हा बघू म्हणाले.

तो बाहेर येऊन बाकावर बसला. बायको औषधं आणायला गेली. शेजारी एक पिकल्या केसांच्या बाई मांडीवर जाडजूड फाईल घेऊन बसल्या होत्या. दार बंद असूनही डॉक्टरांचं बोलणं बाकापर्यंत आलं असावं, कारण बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं आणि सरळ विचारलं, “खाणं सोडलं होतंत का?”

त्याने मान हलवली.

“मीही सोडलं होतं. टेलिफोनच्या ऑफिसात ऑपरेटर होते. जागेवरून उठायचं तर हात वर करून सगळ्यांसमोर परवानगी घ्यावी लागायची. अठ्ठावीस किलो वजन उतरलं, तेव्हा अक्कल आली.” त्यांनी फाईलमधून एक चिठ्ठी काढून त्याच्या हातात ठेवली. “आमची बैठक असते, दर शनिवारी चार वाजता. मागची इमारत, पहिला मजला. खोली स्वच्छतागृहाच्या बरोब्बर समोर आहे. आम्ही भांडून मिळवलीय ती.”

जायचं नाही, असं त्याने घरी पोचेपर्यंत ठरवून टाकलं होतं. बायकोने चिठ्ठी आरशाच्या कडेला खोचून ठेवली. शनिवारी तिने त्याच्यापुढे बूट आणून ठेवले. निमूटपणे जाण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं.

खोलीत आठ-नऊ माणसं गोलात बसली होती. एक चित्रकलेचे मास्तर होते, एक शिवणकाम करणारी मुलगी होती, एक बँकेतला पहारेकरी होता. ज्या गोष्टीचा उच्चारही सातनंबरने दोन वर्षांत बायको आणि डॉक्टरांखेरीज कुणापाशी केला नव्हता, त्या गोष्टीबद्दल ही मंडळी भाजीच्या भावाबद्दल बोलावं तशी बोलत होती. “काल किती वेळा?” “सहा.” “अरे वा, सुधारणा आहे.” तो खुर्चीत चोरासारखा बसून राहिला. कान तापले होते.

शेवटी ऑपरेटरबाईंनी त्याच्याकडे मोर्चा वळवला. “तुम्ही काय करता?”

“बस चालवतो. चालवत होतो.”

“आणि त्रास?”

“सांगण्यासारखं काही नाही.”

“इथं कुणाकडेच सांगण्यासारखं नाही,” चित्रकलेचे मास्तर म्हणाले. “म्हणून तर इथं येऊन सांगतो.”

सगळे हसले, आणि कसं कोण जाणे, तोही हसला. मग त्याने पेट्रोल पंपाचं सांगितलं. दाताच्या दवाखान्याचं सांगितल्यावर पहारेकऱ्याला ठसका लागला. शिवणकाम करणाऱ्या मुलीने डोळे पुसले आणि म्हणाली, “मी एका लग्नाच्या हॉलमध्ये शिरले होते. नवरीच्या मैत्रिणींनी माझे फोटो काढले.” दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला आपण एकटे नाही असं वाटलं. चेहरा लपवायला तो पाणी प्यायला उठला. कुणी बघितलं नाही, किंवा बघून न बघितल्यासारखं केलं.

सल्ले मात्र भरपूर मिळाले, आणि सगळे अनुभवातून आलेले होते. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही सोडायच्या नाहीत, बरं वाटत असलं तरी. थोडं थोडं, पण वेळेवर खायचं. पिशवीत एक जादा पँट ठेवायची. ती लागत नाही, पण ती आहे म्हणून जीव शांत राहतो. आणि रोजची नोंद ठेवायची.

“आणखी एक,” ऑपरेटरबाई म्हणाल्या. “कामावर कुणाला सांगितलंय?”

“कामावर कशाला सांगायचं?”

“निदान एकाला सांगा. दिवसभर जो तुमच्या सगळ्यात जवळ असतो त्याला. लपवायला जी ताकद लागते ना, ती आजारापेक्षा जास्त असते. मी एकवीस वर्षं लपवलं, मला विचारा.”

नोंद ठेवायची म्हटल्यावर त्याला दुसरी कोणती पद्धत माहीत असणार? त्याने वहीला रकाने पाडले आणि बसच्या फेऱ्यांचा तक्ता असतो तसा तक्ता केला. सुटण्याची वेळ, परतण्याची वेळ, वाटेत अडथळा, शेरा. ‘६.१० सुटलो, ६.१४ परत, अडथळा नाही.’ दुसऱ्या शनिवारी बैठकीत ती वही हातोहात फिरली. मास्तरांनी तर शेरे मोठ्याने वाचून दाखवले. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी ती वही उघडली आणि चांगली दहा मिनिटं वाचत बसले. पहिल्या पानावर दिवसाला नऊ फेऱ्या होत्या, शेवटच्या पानावर तीन.

“इतकी स्वच्छ नोंद मला कुणी आणून दिली नव्हती,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पत्र लिहून दिलं. गाडी चालवायला प्रकृती ठीक आहे. मात्र सलग सत्तर मिनिटं बसवू नये. मध्ये एकदा थांबण्याची सोय असावी.

तो पत्र घेऊन उड्या मारत साहेबांकडे गेला. साहेबांनी पहिली ओळ वाचून मान हलवली, दुसरी वाचली आणि पत्र टेबलावर ठेवलं.

“मध्ये थांबायचं? वेळापत्रकात एका मिनिटाची जागा नाही. तुमच्यासाठी थांबलो तर उद्या प्रत्येक जण पत्र आणेल. गेट चांगलं आहे की. सावली आहे.”

खरी कसोटी आता होती. कारण वेळापत्रकात जागा होती, आणि ती कुठे होती हे सातनंबरला पक्कं माहीत होतं. त्या मार्गावरच्या प्रत्येक ड्रायव्हरला माहीत होतं. नऊ वर्षांपूर्वी नदीवरच्या पुलाचं काम निघालं, तेव्हा फेरीचा वेळ चार मिनिटांनी वाढवला होता. पूल वर्षभरात दुरुस्त झाला. वाढवलेली मिनिटं परत घ्यायला हापिस विसरलं, आणि ड्रायव्हरांनी अर्थातच आठवण करून दिली नाही. वेळेआधी पोचलं तर मेमो मिळतो. म्हणून नऊ वर्षं प्रत्येक ड्रायव्हर पुलाआधीच्या वाचनालयापासून पुढे गोगलगायीच्या चालीने जायचा आणि ती चार मिनिटं पुलावर सांडून द्यायचा. हे बाहेर फोडायचं नाही, असं न बोलता ठरलेलं होतं. फुटलं तर साहेब चार मिनिटं कापतील आणि दिवसाला एखादी फेरी गळ्यात मारतील.

म्हणजे बावीस वर्षांचं स्टिअरिंग परत हवं असेल, तर आपलं दुखणं चारचौघांत उघडं करायचं, आणि वर सगळ्यांचं गुपितही उघडं करायचं. त्या दिवशी त्याने वहीत तीन गाड्यांचे नंबर चुकीचे लिहिले.

संध्याकाळी कंडक्टरबाई ड्युटी संपवून निघाल्या, तेव्हा त्याने त्यांना हाक मारली आणि अडखळत सगळं सांगितलं. बाईंनी तिकिटांची पेटी खाली ठेवली.

“मला वाटायचं तुम्ही माझ्यावर रागावलात. डबा घेऊन बसलं की तुम्ही उठून जायचात.”

“नाही हो, बाई.”

“दादा, मी अकरा वर्षं ड्युटीवर पाणी पीत नाही. सकाळी एक घोट, मग घरी गेल्यावर. दोनदा खडे झाले मूत्रपिंडात. कुणाला सांगणार? तुम्हाला सांगायचं तर तुम्ही पुरुषमाणूस.” त्या जरा हसल्या. “तुम्ही जेवत नव्हता, मी पाणी पीत नव्हते. काय गाडी चालवत होतो आपण दोघं.”

अकरा वर्षं ही बाई आपल्या पाठीशी उभी होती आणि आपल्याला पत्ता नव्हता, याची त्याला मनापासून लाज वाटली. स्वतःच्या दुखण्याची जी लाज वाटत होती, ती त्यापुढे अगदीच किरकोळ निघाली.

शनिवारी ऑपरेटरबाईंनी वाचनालयापाशी चार मिनिटांचा थांबा मागणारा त्याचा अर्ज वाचला आणि पेन्सिल काढली. “‘कृपा करून’ सात वेळा आलंय. एकदाच ठेवा. ‘माझ्यासाठी’ आहे तिथे ‘कर्मचाऱ्यांसाठी’ लिहा. आणि एकटे जाऊ नका. एकट्या माणसाला दार दाखवणं सोपं असतं.”

सोमवारी दुपारी ड्रायव्हर-कंडक्टरांच्या विश्रांतीच्या खोलीत तो उभा राहिला. बावीस वर्षांत या खोलीत तो पत्त्यांच्या डावापलीकडे काही बोलला नव्हता. तो बोलायला लागला तेव्हा पत्ते चालूच होते. आतड्याचं सांगून झालं तेव्हा ते थांबले होते. पुलावरच्या मिनिटांचं सांगितलं तेव्हा सगळ्यात जुना ड्रायव्हर, ज्याला सगळे मिशी म्हणत, हातातले पत्ते खाली टाकून उठला.

“डोकं फिरलंय का तुझं? ती चार मिनिटं आपली आहेत. साहेबाला कळली की गेली.”

“आपली कशी?” सातनंबर म्हणाला. आवाज कापत होता, पण बंद पडला नाही. “नऊ वर्षं आपण ती पुलावर रांगत घालवतो. स्टिअरिंग धरून, ओठ चावत. त्यातलं एक मिनिट तरी कधी तुझ्या कामी आलं का, सांग.”

“पहिली सही माझी,” कंडक्टरबाई म्हणाल्या आणि अर्ज ओढून घेतला. त्यांनी सही केली आणि पाण्याचं सगळ्यांसमोर सांगितलं, खाली न बघता. मग खिडकीपाशी बसलेल्या दुसऱ्या कंडक्टरबाई उठल्या. मग तिसऱ्या. डेपोत नऊ बायका होत्या, नवांच्याही सह्या झाल्या.

मिशी अजून उभाच होता. मग त्याने मिशीवरून हात फिरवला आणि कुणाकडे न बघता म्हणाला, “मला साखर आहे. सात वर्षं झाली. सीटखाली बाटली ठेवतो मी.”

कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळी खोलीच हसली, आणि सगळ्यात मोठ्याने मिशी. “आण तो कागद इकडे,” तो म्हणाला.

साहेबांपुढे अर्ज गेला तेव्हा त्यावर एकतीस सह्या होत्या. साहेबांनी त्या मोजल्या नाहीत, पण वरपासून खालपर्यंत वाचल्या. मिशीच्या सहीपाशी ते थबकले.

“ही चार मिनिटं इतकी वर्षं होती कुठे?”

“पुलावर, साहेब.”

“आणि आत्ता मी ती कापून टाकली तर?”

कंडक्टरबाई, मिशी आणि तो, तिघंही टेबलापुढे उभे होते. उत्तर त्यानेच दिलं. “कापू शकता. मग मी गेटवरच बसेन. पण या नऊ जणी पाणी पीत नाहीत, हे आता तुम्हाला माहीत झालंय, साहेब.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. एवढ्या वेळात बाहेर दोन गाड्या येऊन उभ्या राहिल्या.

“एक ओळ बदलली की बत्तीस फेऱ्यांचे कागद नव्याने लिहावे लागतात, कल्पना आहे?”

“आहे.”

“मग बसा लिहायला. गेटवर तसंही तुम्हाला काय काम असतं?”

त्याने ते बत्तीस कागद दोन दिवसांत लिहिले. अक्षर मुळात बरं होतं, पण असं त्याने शाळेतही काढलं नव्हतं. ‘वाचनालय थांबा : चार मिनिटं.’ बत्तीस वेळा लिहूनही त्याला कंटाळा आला नाही. बायकोने पहिला कागद हातात घेऊन दोनदा वाचला, आणि मग डबा भरायला वळली.

गुरुवारी सकाळी दहाच्या फेरीला तो पुन्हा आपल्या जागी बसला. सीट बदली ड्रायव्हरने पुढे ओढून ठेवली होती, ती त्याने मागे सरकवली. पोटभर खाल्लेलं होतं, गोळी घेतलेली होती. दुसरा गिअर आवाज न करता पडला तेव्हा त्याला इतका आनंद झाला, की पहिल्या थांब्यापर्यंत तो स्वतःशीच हसत होता. वाचनालयापाशी त्याने बस कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

“काय झालं? बिघडली का?” मागून कुणीतरी विचारलं.

“थांबा आहे,” कंडक्टरबाई म्हणाल्या. “चार मिनिटं. वाचनालयात आत गेलं की डावीकडे सोय आहे. ज्याला जायचं त्याने जाऊन यावं.” आणि सगळ्यात आधी त्याच उतरल्या.

मग एक पोटुशी बाई उठली. तिच्यामागे शाळेच्या दोन शिक्षिका उठल्या, आणि अगदी शेवटच्या सीटवरून काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ निघाले. त्यांना पायऱ्या उतरायलाच एक मिनिट लागलं.

त्याला स्वतःला आज जायचं नव्हतं. पोट शांत होतं. तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला आणि इतरांची वाट बघत राहिला. कंडक्टरबाई आल्या, शिक्षिका आल्या, पोटुशी बाई आली. म्हातारे गृहस्थ सगळ्यात शेवटी आले. दांड्याला धरून वर चढता चढता दम खायला ते त्याच्या सीटपाशी थांबले.

“माझ्यासाठी थांबलात, ड्रायव्हरसाहेब? उपकार झाले.”

“उपकार कसले, आजोबा,” तो म्हणाला. “वेळापत्रकात आहे.”